पहिले दहा फेरे

१२ जानेवारी

मामा,

नमस्कार घे, आणि हे पत्र जेवणाच्या टेबलावर बसून वाच, कारण काम त्याच टेबलाचं आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून कागद. चौतीस वर्षं कॅपॅसिटरच्या कारखान्यात काढून तू कान तिथल्या यंत्रांना देऊन आलास, पण हात शाबूत घरी आणलेस. मला ते हात हवे आहेत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने तुला हाताने फिरवायचं जुनं वाइंडिंग मशीन दिलं होतं, ते अजून कपाटावर आहे ना? मामीने त्यावर घड्या करून ठेवलेल्या चादरी आधी उतरव.

माझी पत्रं मामी तुझ्याआधी वाचते हे मला ठाऊक आहे, म्हणून थोडं सोपं करून लिहिते. कॅपॅसिटर म्हणजे वीज क्षणभर धरून ठेवणारा आणि लागेल तेव्हा सोडणारा डबा. त्याच्या पोटात प्लॅस्टिकच्या दोन पातळ फिती एकावर एक ठेवून गुंडाळलेल्या असतात आणि प्रत्येक फितीला एका बाजूने ॲल्युमिनिअमचा थर दिलेला असतो. तू जन्मभर जी फिल्म गुंडाळलीस ती चांगलीच आहे, पण शंभर अंशांच्या पुढे ती हात टेकते. विजेवर चालणाऱ्या गाडीत मोटरच्या शेजारी ठेवायचा डबा त्याहून कितीतरी जास्त तापतो. म्हणून सहा वर्षं आम्ही दुसरी फिल्म करतोय. रंगाने मधासारखी, केसाच्या दहाव्या भागाहूनही पातळ, आणि दीडशे अंशांत विजेला अडवून धरणारी. तुकडा तपासला की उत्तम, गुंडाळायला घेतली की आमचं स्वयंचलित मशीन तिला फाडतं. त्या मशीनला जुन्या फिल्मच्या ओढीची सवय झाली आहे, आणि ही मानी आहे.

फक्त बारा गुंडाळ्यांपुरती फिल्म आहे. आणखी करायला तीन महिने लागतात. या बारा गुंडाळ्या दीडशे अंशांच्या ओव्हनमध्ये विजेच्या पूर्ण दाबाखाली हजार तास ठेवायच्या, आणि दोन एप्रिलच्या बैठकीत आमच्या विभागाच्या बाई ठरवणार, की ही फिल्म पुढे न्यायची, की जुन्याच फिल्मला गार पाण्याची नळी गुंडाळून गप्प बसायचं. नळी जिंकली तर माझी सहा वर्षं एका खोक्यात भरली जातील.

सोबत हातमोज्यांचे सहा जोड पाठवतेय. फिल्मला उघडं बोट लागू द्यायचं नाही, एवढी एकच अट.

तुझी भिंगरी


१९ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात मोजून घ्यायचे असतात का.

मशीन उतरवलं. चादरी पलंगावर गेल्या, पलंगावरची वर्तमानपत्रं खुर्चीवर आली, आणि आम्ही दोघं आता स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. मामी म्हणते, भाचीच्या संशोधनासाठी एवढं सोसेन, पण फेब्रुवारीत टेबल परत पाहिजे. मी दांड्याला दोन थेंब तेल दिलं, जुन्या फिल्मचा एक उरलेला रोल लावला आणि फिरवून पाहिलं. पहिल्या गुंडाळीला हात लाजला. दुसऱ्या गुंडाळीपासून त्याला सगळं आठवलं.

तुझा रोल उघडून पाहिला. रंग छान आहे. लहानपणी तू आमच्याकडे यायचीस तेव्हा मी नापास गुंडाळ्या आणून द्यायचो आणि तू त्या उलगडून घरभर चंदेरी पट्टे पसरवायचीस. तुझी आई चिडायची आणि तू त्यातच गोल गोल फिरायचीस, म्हणून तर भिंगरी. आता तूच मला उलगडलेली पाठवतेस आणि म्हणतेस गुंडाळ.

चौतीस वर्षांत माझ्या हातची एकही गुंडाळी परत आली नाही. बढाई नाही, रजिस्टरला नोंद आहे. वाइंडिंगमध्ये गुपित असं काही नसतं. ओढ सारखी ठेवायची. सैल राहिली तर मध्ये हवा अडकते, आणि जिथे हवा तिथे वीज ठिणगी टाकते. जास्त ओढली तर फिल्मला सुरकुती पडते. मधलं माप बोटांना कळतं, ते सांगता येत नाही. अंगठा आणि पहिलं बोट, बस्स.

तुझ्या बाईंना सांग, नळी परत पाठवायची तयारी ठेवा.

मामा


३ फेब्रुवारी

भिंगरी,

बारा गुंडाळ्या पाठवतोय. प्रत्येकीला चिठ्ठी लावली आहे, एक ते बारा. कापसात ठेवल्या आहेत. कापूस मामीने दिला, तेव्हा आभार तिचे.

तुझी फिल्म खरंच मानी आहे. जुनी फिल्म दटावली की ऐकायची, ही रुसते. सुरुवातच अवघड. पहिला फेरा दांड्याला नीट बसला की पुढे सरळ चालते, पण तो पहिला फेरा चिकटतच नाही, निसटून जातो. दिवसाला दोन केल्या, सकाळच्या उजेडात. खिडकीसमोरच्या छपाईखान्याचं पांढरं छत ऊन टाकतं, ते सहा दिवस कामी आलं. सातवी सगळ्यात सुबक झाली आहे, तिच्याकडे जरा जास्त लक्ष ठेव.

फिल्म पुरवून वापरली. तुझ्या मापाप्रमाणे पहिल्या फेऱ्यापासून शेवटपर्यंत ॲल्युमिनिअमवाली, बोटभरही वाया घालवली नाही. हातमोजे घातले होते.

टेबल परत मिळालं म्हणून मामी खूश आहे.

मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

गुंडाळ्या पाहून आमच्या टेस्टिंगच्या दोघी मुली भिंगाखाली वाकल्या त्या उठेचनात. एकीने विचारलं, कुठल्या मशीनवर केल्या? मी म्हटलं, मशीन सत्तरीला टेकलंय आणि बायको ओरडली की थांबतं.

दोन्ही टोकांना धातू फवारला, निर्वातात सुकवल्या, आणि मग विजेचा दाब थोडाथोडा चढवत नेला. आतून टिक, टिक असे आवाज येत होते. तू मला सांगायचास ना, की फिल्ममध्ये जिथे जिथे कच्ची जागा असते तिथे वीज घुसते, भोवतीचं ॲल्युमिनिअम क्षणात वाफ होऊन उडतं आणि ती जागा आपोआप वेगळी पडते. जखम झाली, खपली धरली, डबा पुढे चालू. माझ्या फिल्मची खरी भीती हीच आहे. उष्णता सोसण्यासाठी तिच्यात कार्बन भरपूर लागतो, आणि कार्बन जळला की काजळी. काजळीतून वीज वाहते. मग खपली धरण्याऐवजी जखम चिघळते. जुनी फिल्म इतकी वर्षं टिकली ती या खपलीच्या गुणावर. नवीला तो गुण यावा म्हणून आम्ही तिची घडण चार वेळा बदलली. आला की नाही, ते हे हजार तास सांगतील.

तुझ्या बाराही काल दुपारी ओव्हनमध्ये गेल्या. काचेतून दिसतात. सातवी वरच्या कप्प्यात, मधोमध. मी येता जाता डोकावते आणि बाई म्हणतात, बघून काही लवकर शिजणार नाहीत.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

दोनच ओळी. बागेतल्या बाकावर आम्ही पाच निवृत्त लोक बसतो, त्यांना ओव्हनचं सांगितलं. एक जण आगबोटीवर होता, एक शाळेत होता, कुणाला कळलं नाही, पण सगळे रोज विचारतात, किती तास झाले? मी घरी पंचांगासारखा तक्ता टांगला आहे. आज एकशे नव्वद.

मामा


१० मार्च

मामा,

ही बातमी फोनवर सांगता आली नसती, हे एका अर्थी बरंच झालं.

पाच गुंडाळ्या गेल्या. पहिली, दुसरी, तिसरी, आठवी आणि नववी. एकीमागून एक, चारशे तासांच्या आत. उघडून पाहिल्या तर पाचही एकाच ठिकाणी जळल्या आहेत, अगदी आत, दांड्यालगतच्या सुरुवातीच्या पाच-सहा फेऱ्यांत. बाहेरचे सगळे फेरे स्वच्छ. आत काजळी.

बाईंना बैठकीच्या आधी कारण लेखी हवंय. कारण सापडलं नाही तर दोष फिल्मचाच धरणार, आणि त्यांचंही चूक नाही. मी दोष शोधतेय आणि मनातून घाबरलेय, हे तुला खरं सांगते. सहा वर्षांत एवढी घाबरले नव्हते.

तू फक्त आठवून सांग. सुरुवातीचे फेरे घेताना काही वेगळं झालं होतं का? दांड्याचं तेल लागलं असेल, टेबलावर काही सांडलं असेल. तुझ्यावर आळ घेत नाहीये. तुझ्या गुंडाळ्या अशा आहेत, की भिंगातून बघताना आम्हालाच लाज वाटते.

बाकीच्या सात अजून चालू आहेत. सातवीसुद्धा.

भिंगरी


१६ मार्च

भिंगरीस,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, माझं अक्षर आणि माझी भाकड वाक्यं मलाच नको होतात. पण तू मागच्या पत्रात असं काय लिहिलंस? या वेळचं पत्र त्याने मला वाचायला दिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. खिशात घालून फिरतो.

माणूस हरवल्यासारखा झाला आहे. बागेत जात नाही. भिंतीवरचा तक्ता उतरवून ठेवला. मशीन परत टेबलावर काढलं आणि समोर नुसता बसतो, दांडा फिरवत नाही. आपल्याच उजव्या हाताचा अंगठा बघत राहतो. चार पत्रं लिहून फाडली, ते तुकडे मी केरात पाहिले.

आणि एक सांगू? हसशील. पेपर वाचताना बोट जिभेला लावून पान उलटायची त्याची घाणेरडी सवय, माझं लग्न झाल्यापासून मी ओरडतेय. ताईसुद्धा म्हणायच्या, लहानपणापासून तसाच आहे. इतकी वर्षं ऐकलं नाही. आता चार दिवस झाले, पान उलटायला बोट तोंडाशी नेतो आणि मध्येच थांबतो. कोरड्या बोटाने खाटखुट करत बसतो. मला आनंद व्हायला हवा, पण मला भीती वाटते.

त्याला काही बोलली असशील तर परत घे. काही झालं असेल तर मला सांग. त्याचे कान गेले तेव्हाही तो असा बसला नव्हता.

मामी


२१ मार्च

मामी,

तुझं पत्र वाचलं, पेपरच्या पानापर्यंत आले, आणि उभी होते ती खुर्चीत बसले.

मी मामाला काही बोलले नाही. पाच गुंडाळ्या जळाल्या एवढंच कळवलं. पण परवा जळालेल्या जागेची तपासणी आली. पहिल्या फेऱ्यांवर मीठ आहे. अगदी सूक्ष्म, पण दीडशे अंशांत आणि एवढ्या दाबाखाली तेवढं पुरतं. हे मीठ दोनच ठिकाणांहून येऊ शकतं. फिल्म आम्ही टाकीत धुतो, ती नीट धुतली गेली नसेल तर तिथून. नाहीतर कुणाच्या तोंडातून. टाकीतून आलं असेल तर सगळी फिल्मच खारट, आणि काम बंद. थुंकीचं असेल तर फिल्म निर्दोष आहे. हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि त्याने लिहून दिलंय की हातमोजे घातले होते.

आता मला कळलं की पहिला फेरा कसा चिकटला.

मी त्याला विचारणार नाही, मामी. कागद घेऊन दोनदा बसले. "मामा, तू खोटं लिहिलंस का?" हे मी कुठल्या शब्दांत लिहू? चौतीस वर्षांत एकही गुंडाळी परत आली नाही, यावर तो माणूस ताठ उभा आहे, आणि ते मी माझ्या हाताने मोडू? बैठकीत मी कारण अनिश्चित म्हणून सांगेन. काय व्हायचं ते होईल. फिल्म दुसरी करता येईल, मामा दुसरा कुठून आणू.

तू त्याला यातलं काही सांगू नकोस. जेवायला आवडीचं कर, आणि पान उलटताना जीभ लावली तर या वेळी ओरडू नकोस.

भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

हे पाचवं पत्र. आधीची चार फाडली, कारण प्रत्येकात मी कुठेतरी स्वतःला सोडवून घेत होतो.

मी हातमोजे घातले नव्हते. डाव्या हातात होता. उजव्या हातातला पहिल्याच दिवशी काढला. मोज्यातून ओढ कळत नाही. जुन्या फिल्मवर मोजा घालून तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा सुरकुती पडली. तुझी फिल्म एवढीशी, ती वाया गेली असती. तेव्हाच तुला कळवायला हवं होतं की मामाला मोजा घालून येत नाही. ते लिहवलं नाही. पार्सल बांधताना "हातमोजे घातले होते" हे तीन शब्दांचं खोटं किती सहज लिहिलं, याचंच मला आता नवल वाटतं.

हे अर्धंच झालं. पहिला फेरा निसटत होता म्हणून मी अंगठा जिभेला लावला आणि दांड्यावर फिल्म टेकवली. बाराच्या बारा वेळा. लावताना मला कळलंसुद्धा नाही. तुझं पत्र आलं, "सुरुवातीचे फेरे" वाचलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उलटायला बोट तोंडाशी गेलं, आणि तिथेच मला माझा हात दिसला. आमच्या हॉलमध्ये सगळे असंच करायचे. चाळीस माणसं, चाळीस जिभा. मनाईची पाटी होती, पाटीखाली बसून करायचे.

मग कारखान्यात माझी एकही गुंडाळी परत का आली नाही? तीन दिवस मी यावर बसलो होतो. तेव्हा आठवलं. आम्हाला सुरुवातीला दहा फेरे कोऱ्या फिल्मचे द्यायचे असत, ॲल्युमिनिअम नसलेल्या. आमच्या जुन्या फोरमनचा नियम होता. मी नवा असताना म्हटलं होतं, साहेब, ही फिल्म फुकट जाते. ते म्हणाले, "जाऊ दे, तुला काय करायचंय." माणूस हुशार होता. पाटी लावून जिभा थांबणार नाहीत हे त्याला कळलं होतं. त्याने जिभेसाठी जागाच सोडून दिली. जे व्हायचं ते त्या दहा फेऱ्यांत व्हायचं, आणि तिथे वीज येतच नव्हती. एवढी वर्षं मी ज्याला माझ्या हाताचा गुण समजत होतो, त्यात अर्धा वाटा त्या दहा फेऱ्यांचा होता. तुझ्या गुंडाळ्यांत ते फेरे नव्हते, आणि पुरवून वापरली म्हणून मी वर तुलाच मिरवून दाखवलं.

नुसतं सांगून तुझ्या बाई मानणार नाहीत, म्हणून पुरावा पाठवतोय. रोलच्या शेवटी दोन वितींचा तुकडा उरला होता. त्याच्या दोन छोट्या गुंडाळ्या केल्या आहेत. तांबड्या दोऱ्याची जीभ लावून, पांढऱ्या दोऱ्याची अंगठा साबणाने धुऊन, पुसून, मामीच्या चिमट्याने पहिला फेरा धरून. दोन्ही तपासा. सोबत वेगळ्या कागदावर सगळं लिहून खाली सही केली आहे, तो बैठकीत वाचून दाखव. माझं काय होईल याचा विचार करू नकोस. तुझी सहा वर्षं माझ्या एका ओळीपायी खोक्यात गेली, तर मला टेबलावर जेवण जाणार नाही.

ताईला सांगू नकोस. ती म्हणेल, लहानपणापासून असाच आहे.

तुझा मामा


३ एप्रिल

मामा,

तुझं पत्र आणि मी मामीला लिहिलेलं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मामीने माझं तुला दाखवलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही. तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच रडले. टेस्टिंगच्या मुलींना वाटलं, घरी काही झालं. मी म्हटलं, झालं, पण चांगलं झालं.

आता बैठक. तांबड्या दोऱ्याच्या गुंडाळीत मीठ निघालं, पांढरीत शून्य. म्हणजे टाकी निर्दोष, फिल्म निर्दोष. मी तुझा कागद वाचला. चाळीस जिभांच्या ओळीला कुणीतरी खोकलं, पण हसलं कुणी नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे, नीट वाच. उरलेल्या सात गुंडाळ्यांनी हजार तास पुरे केले. बैठकीच्या आदल्या दिवशी आम्ही त्याही उघडल्या. मीठ सातांतही आहे, तू बारा म्हणालास ते बरोबर होतं. फक्त तिथे थोडं कमी लागलंय. आणि प्रत्येक डागाभोवती एक स्वच्छ गोल आहे, टाचणीच्या डोक्याएवढा. ॲल्युमिनिअम उडून गेलंय, काजळी नाही. खपली धरलीय, मामा. दीडशे अंशांत, मिठावर. क्षमता जेमतेम एका टक्क्याने कमी झालीय, बाकी डबे ठणठणीत. हा गुण तिच्यात आलाय का, हे आम्हाला सहा वर्षं कळत नव्हतं, कारण आम्ही तिला इतकं स्वच्छ ठेवत होतो की तिला जखम व्हायची संधीच नव्हती.

बाईंनी त्या सात गुंडाळ्यांचे फोटो टेबलावर ओळीने मांडले. मग मला विचारलं, "या प्रत्येकीत तुमच्या मामांची थुंकी आहे?" मी हो म्हटलं. "आणि तरी सात चालल्या?" मी पुन्हा हो म्हटलं. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "मग आपणच हिला फार लाडात वाढवली."

नळीचा प्रस्ताव बाजूला पडला. पुढच्या बारांसाठी फिल्म करायला परवानगी मिळाली आणि या वेळी सुरुवातीच्या दहा फेऱ्यांसाठी कोरीही देणार. कोण गुंडाळणार, असं एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, हा काय प्रश्न झाला.

तेव्हा मामीला सांग, जुलैत टेबल पुन्हा लागेल. आणि भिंतीवरचा तक्ता परत टांग.

भिंगरी


१५ जुलै

भिंगरी,

बारा गुंडाळ्या तयार आहेत, कापसात बांधल्या आहेत.

मामी समोर खुर्ची टाकून पहारा देत होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या तोंडाला रुमाल बांधला. दाढेच्या डॉक्टरकडून आल्यासारखा बसलो होतो. बाकावरचा आगबोटवाला बघायला आला, त्याने विचारलं, काय दुखतंय? मला ऐकू गेलं नाही असं मी दाखवलं. कानांचा तेवढा तरी फायदा.

पण तुझ्याशी आता खोटं नाही. रुमालाने पहिला फेरा काही बसेना. चिमट्याने धरला तर फिल्मला वळ पडतो, छोट्या तुकड्यावर तो चालून गेला, इथे चालला नसता. शेवटी मामी चहा ठेवायला उठली की मी रुमाल खाली ओढायचो. बाराव्या वेळी तिने पाहिलं. परत चहाकडे वळली. म्हणून सोबतच्या चिठ्ठीत जे झालं तेच लिहिलं आहे. तुझ्या बाईंना चालत नसेल तर गुंडाळ्या परत पाठव, राग नाही. माझी गुंडाळी परत येण्याची मला आता भीती राहिली नाही.

मामा


वाइंडिंगची चिठ्ठी
गुंडाळ्या : बारा.
सुरुवातीला कोरे फेरे : प्रत्येकी दहा, मोजून.
हातमोजा : डाव्या हातात. उजव्या हातात नाही.
जीभ : बारा वेळा, पहिल्या कोऱ्या फेऱ्याला.


१० सप्टेंबर

मामा,

काल दुपारी हजार तास झाले. बारापैकी बारा.

तक्त्यावर लिही, बाकावर सांग, आगबोटवाल्याला दोनदा सांग. आईला मी सांगितलं, सगळंच. ती म्हणाली, लहानपणापासून असाच आहे, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसली.

आज सकाळी मी एक गुंडाळी उघडली. सातवी निवडली, तुझ्यासाठी. शेवटून उलगडत आत गेले. सगळे फेरे मधासारखे, स्वच्छ. अगदी आत, कोऱ्या फिल्मच्या पहिल्या फेऱ्यावर भिंगाखाली तुझ्या अंगठ्याची अर्धी खूण दिसते, मिठाच्या रेघांची. दीडशे अंशांत हजार तास राहिली आणि कुणालाही त्रास न देता बसली होती. तो फेरा कापून मी काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवलाय, माझ्या टेबलावर.

तुझी चिठ्ठी मी बाईंकडे आहे तशीच नेली, कारण अहवालाला वाइंडिंगची पद्धत जोडावी लागते. मला वाटलं, शेवटची ओळ खोडायला सांगतील. त्यांनी चारही ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग पेन मागितलं आणि खाली सही केली.

तुझी भिंगरी